सासूचा पाऊस, सुनेचं पिंप

आत्याबाई,

मशेरीची डबी हातात धरून घरभर मशेरीची डबी शोधणाऱ्या बाईला मी आठवत असेन, अशी माझी काही समजूत नाही. म्हणून आधी ओळख देते. मी तुमची सून. जिच्या भाकरीचे काठ तुम्हाला रोज जाड लागायचे आणि तरी जिच्या हातची दीड भाकरी तुम्ही रोज खायचात, ती. मी सांगते आहे आणि माझी नात, म्हणजे तुमची पणती, लिहिते आहे. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते आणि वर कागद मला दाखवते, जसं काही मला ते वाचता येणार आहे. मला लिहिता येत नाही, तुम्हाला वाचता येत नव्हतं. आपल्या दोघींमधलं पत्र असंच व्हायचं. पण तुमच्या पिंपाबद्दल एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती पोटात ठेवून ठेवून मी तुमच्याहून म्हातारी झाले.

नातीला आधी हे समजावून सांगावं लागलं की पावसालाही नाती असतात. मघा नक्षत्र लागलं की पडतो तो सासूचा पाऊस, आणि त्याच्या मागून पूर्वा लागलं की सुनेचा. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी म्हटलं, थट्टा कसली, आपल्या घरात यावर दोन पिंपं भरायची. विश्रांतवाडीत तेव्हा आपला मळा होता, मळ्यात पत्र्याचं घर होतं. मामंजी मेथी-कोथिंबिरीची गाडी घेऊन मंडईला जायचे, आणि एकदा परतताना त्यांनी गाडीत दोन रिकामी लोखंडी पिंपं घालून आणली. एकात गोडेतेल असायचं, दुसऱ्यात काकवी. तेलाचं तुम्ही घेतलंत. काकवीचं मला दिलंत, आणि त्या वर्षी साऱ्या शिवारातल्या मुंग्या माझ्या पिंपावर मुक्कामाला आल्या. तुम्ही म्हणालात, “सून गोड हाय, मुंग्या यायच्याच.” मी ते कौतुक समजून दोन दिवस खुशीत होते.

पत्र्याच्या खालच्या कडेला पन्हळ होती. सासूच्या पावसात तिच्याखाली तुमचं पिंप आणि माझं पालथं; सुनेच्या पावसात माझं पिंप आणि तुमचं झाकलेलं. पहिली सर पत्रा धुवायला सोडून द्यायची, दुसऱ्या सरीला पिंप पन्हळीखाली सरकवायचं, तोंडाला जुन्या लुगड्याची चौघडी बांधायची. पहिल्या वर्षी मी घाई केली, पहिल्याच सरीला पिंप सरकवलं, आणि आत चिमण्यांच्या काड्या, धूळ, काय काय उतरलं. तुम्ही ओरडला नाहीत. त्यातलंच पेलाभर पाणी आणून माझ्यापुढे धरलंत आणि म्हणालात, “पी.” मी प्यायले. पुन्हा चुकले नाही. एवढी एकच शाळा मी केली.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर डाळीसाठी. आपल्या विहिरीचं पाणी जड. त्यात तूरडाळ उन्हं कलेपर्यंत रटरटली तरी वर पाणी आणि खाली डाळ. पिंपातल्या पाण्यात तीच डाळ भाकऱ्या होईतो लोण्यासारखी व्हायची. तुम्ही तिच्यात हळद, मीठ आणि ठेचलेली लसूण घालायचात, दुसरं काही नाही. तुमचं पिंप वाहू लागलं की ओसरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात. माझं भरलं की म्हणायचात, वारा तिकडचा होता. एकदा तर माझं काठोकाठ भरून दोन दिवस वाहत राहिलं, तेव्हा म्हणालात, सुनेच्या पावसाचं पाणी पातळ असतं. पाणी पातळ असतं. हे ऐकून मामंजी जेवता जेवता उठून बाहेर गेले ते हसायला.

मग ते वर्ष आलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि सासूचा पाऊस आलाच नाही. डॉक्टरांनी मामंजींना बाजूला नेऊन काय सांगितलं ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. मला मात्र एकदा म्हणालात, “माझं पिंप भरलं तर दिवाळी बघीन.” चेष्टेत म्हणालात. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तेच. “भरलं का गं?” मी बाहेर जाऊन पिंपात डोकावते. आत नुसतं लोखंड आणि तळाशी एक कोळी. मी आत येऊन सांगते, ढग धरलाय. दुसऱ्या दिवशी सांगते, वाऱ्याने पळवला. नक्षत्र संपत येतं आणि माझ्याकडच्या थापा संपत येतात.

शेवटी एका दुपारी तुमचा डोळा लागलेला बघून मी विहिरीवर जाते. पाय न वाजवता घागरीमागून घागर आणून तुमच्या पिंपात ओतते. लुगड्याची चौघडी भिजवून पुन्हा बांधते. खरं वाटावं म्हणून तिच्यावर कडुनिंबाची चार पानंसुद्धा टाकते. तुम्ही जाग्या होता तेव्हा मी पदर पिळत दारात उभी असते.

“आत्याबाई, भरलं.”

तुम्ही माझ्याकडे बघत राहता. “कधी पडला?”

“तुमचा डोळा लागला होता.”

“बरा पडला म्हणायचा,” तुम्ही म्हणता, आणि कितीतरी दिवसांनी वरण मागता.

आता आली पंचाईत. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि शिजली नाही की माझं बिंग फुटायचं. मी डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकला. डाळ गळली. तुम्ही वाटी पुसून खाल्लीत आणि आढ्याकडे बघत म्हणालात, “यंदा पाऊस जरा खारट पडला.” मी चुलीपाशी जाऊन फुंकणी फुंकत बसले. मला वाटलं, तापाने तोंडाची चव गेली असेल.

सुनेचा पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मग तो असा पडला की तुमचे दिवस होईपर्यंत थांबला नाही. घरात भेटायला आलेल्या बायका, आणि बाहेर माझं पिंप धो धो वाहतंय. मी जिंकले होते, आत्याबाई. पाणी पातळ आहे म्हणायला कोणी नव्हतं. मी तांब्याने माझ्यातलं पाणी तुमच्या पिंपात घालत राहिले. ते विहिरीच्या पाण्याने भरलेलंच होतं, घातलेलं सगळं खाली जात होतं.

आता मळ्यावर इमारत आहे. तुमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात गाड्या उभ्या असतात आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी फार कटकट केली म्हणून मुलाने गच्चीवर पाइपाखाली दोन निळे ड्रम ठेवले. सुनेला म्हटलं, एक तुझा, एक माझा. ती म्हणाली, “आई, दोन्ही तुमचेच.” एवढी गुणी सून निघाली की भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. तिची डाळ कुकरमध्ये कोणत्याही पाण्यात चार शिट्ट्यांत शिजते. मी जेवते, चांगली असते.

यंदा सासूचा पाऊस दुपारचा आला. मी पडले होते. खाली वॉचमनच्या खोलीवर पत्रा आहे, त्यावर पहिले चार थेंब वाजले आणि चौथ्या मजल्यावर मी जागी झाले. उठून बसले आणि तशीच बसून राहिले. आपल्या घरात तर डोक्यावरच पत्रा होता. सर आली की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. त्या पत्र्याखाली पडलेल्या बाईला पाऊस आला की नाही हे सुनेने सांगायचं होतं का? म्हणजे सोड्याच्या आधीच, मी दारात पदर पिळत होते तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, बरा पडला. हे मला कळायला एवढी वर्षं लागली. विसराळू म्हणून तुम्हाला नावं ठेवते आणि अक्कल माझीच उशिरा आली.

तर ऐका. ते पाणी विहिरीचं होतं. सोडा माझा होता, चिमूटभर म्हटलं तो दीड चिमूट होता. पानं मीच टाकली होती. तुम्ही दिवाळी बघावी असं मला फार वाटत होतं, आणि ते तोंडाने म्हणायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

नात विचारते आहे, पाकिटावर पत्ता काय घालू. मी म्हटलं, पाकीट नको, कागद तूरडाळीच्या डब्यात ठेव. आणि हे शेवटचं तुझ्या आईसाठी लिही: पितरपाटात गच्चीवर ताट ठेवशील त्यात खीर-वडे बाकीच्यांना. आत्याबाईंना वरण, निळ्या ड्रममधल्या पाण्यातलं, पातेल्यात शिजवलेलं, लसूण ठेचून, सोडा न घालता. सोबत भाकरी दीड. ती मी करीन, आणि काठ जाडच ठेवीन.