पुढे सरकवलेली सीट

रविवार, ता. १४

ती. ताई,

नमस्कार. ‘इकडे सगळे मजेत आहोत’ असं लिहून एक कागद फाडून झालाय, म्हणून या खेपेला ते वाक्य गाळतो. जेवतोखातो आहोत, आणि ही आत्ता गॅलरीत कपडे वाळत घालतेय. एवढं खरं आहे.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. दुसरं म्हणजे फोनवर मला विषय बदलता येतो. कागदावर बदलला तर तुला दिसेल. अक्षर जरा मोठं आलंय, त्याला हसू नकोस.

भावोजींची सकाळची चक्कर चालू आहे ना? त्यांना म्हणावं, गुडघा दुखतो म्हणून घरात बसलात तर तो घरातही दुखेलच.

तर बातमी. माझी नोकरी गेली. कंपनीत वरपासून फेरबदल झाले, त्यात आमच्या भागाचं काम दुसऱ्याकडे दिलं. गेल्या महिनाअखेरीस साहेबांनी बोलावून सांगितलं आणि या गुरुवारी मी गाडी परत केली. तीच राखाडी गाडी. पहिल्यांदा तुझ्याकडे घेऊन आलो होतो तेव्हा भावोजी तिच्याभोवती फिरून फिरून बघत होते आणि तू म्हणाली होतीस, आता तरी वेळेवर येत जा.

गाडी द्यायची म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघांनी ती रिकामी केली. एवढ्याशा गाडीत माणूस किती संसार मांडतो! रंगांच्या शेडकार्डांचे गठ्ठे, एका दुकानदाराने नमुना म्हणून परत केलेला फिक्या निळ्याचा डबा, बिस्किटांचा चुरा, हरवली म्हणून घरभर शोधलेली छत्री. हिचं लायब्ररीचं पुस्तक निघालं, मुदत कधीच उलटलेलं. आणि ड्रायव्हरच्या सीटवरची उशी. ही ती काखेत धरून वर गेली. उशीचं नंतर सांगतो.

मग मी गाडी धुतली. परत करायची गाडी कशाला धुतोस, असं शेजारच्या मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, रंगाच्या कंपनीचा माणूस आहे, मळकं काही हातातून सोडवत नाही. ते हसले. मीही हसलो.

परत केलेल्या गाड्या आमच्या गोदामामागच्या आवारात उभ्या करतात. तिथल्या माणसाला आम्ही सगळे यार्डमास्तर म्हणतो. टायर बदलायचे असोत की सर्व्हिसिंग, इतकी वर्षं त्याच्याशीच गाठ. कमी बोलणारा. त्याने गाडीला एक फेरी मारली, आरशाजवळचा ओरखडा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, त्या दोन गाड्यांच्या मधे उलटी लावून द्या.

मी चावी हातात घेऊन उभा राहिलो. ताई, मला मधली जागा दिसत होती. दोन्ही बाजूंच्या गाड्या दिसत नव्हत्या.

तरी मी आत बसलो. सीट इतकी पुढे होती की गुडघे स्टिअरिंगला टेकले. फाटकाबाहेर घाईघाईत जागा बदलताना ती मागे घ्यायचं सुचलंच नव्हतं, आणि फाटकापासून मी तसाच रांगत रांगत आलो होतो. यार्डमास्तर खिडकीपाशी आला. त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग पलीकडे पर्स घट्ट धरून उभ्या असलेल्या हिच्याकडे पाहिलं.

“साहेब, ही सीट बाईंच्या मापाची आहे,” तो हळूच म्हणाला. “त्यांनाच लावू द्या.”

मी उतरलो. ही बसली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं आणि एका दमात गाडी आत घातली. दोन्हीकडे सारखी जागा सुटली होती म्हणे. यार्डमास्तरने चावी घेतली, “सरळ लागली,” म्हणाला आणि कागदावर माझी सही घेताना सही कुठे करायची तिथे बोट टेकवून ठेवलं. म्हणजे त्यालाही सगळं माहीत होतं.

वर फेरबदल असं लिहिलंय ते खोडत नाही, पण ते खरं नाही. शेजारी तसं सांगितलंय, तूही भावोजींना हवं तर तसंच सांग. मला काढलं, ताई. आणि ज्या कारणासाठी काढलं त्यात कंपनीची चूक नाही.

आमच्याकडे नियम आहे, गाडी ज्याच्या नावावर दिली त्यानेच चालवायची. तशी सही दरवर्षी द्यावी लागते. मी या वर्षीही दिली. पण थंडी सुरू झाल्यापासून गाडी मी चालवतच नव्हतो. ही चालवत होती.

सांगायला घेतलंय तर पहिल्यापासून सांगतो. उन्हाळ्यात एका दुकानात मी डाव्या हाताला रचलेल्या डब्यांच्या चळतीत घुसलो. सगळी चळत खाली आली, एक डबा फुटला, दुकानदाराचे बूट पांढरे झाले. आम्ही दोघं खूप हसलो. मग फाटकाला आरसा घासला. मग अशीच एक-दोन माणसं रस्त्यात ‘अचानक’ समोर आली. मी त्यांनाच शिव्या घातल्या. मग एका सकाळी वळणावर डावीकडून एक बाई हातगाडी ढकलत आली. ती बरीच आधीपासून येत असणार, कारण मागचे लोक तिला बघून हॉर्न वाजवायचे थांबले होते. मला ती दिसली तेव्हा गाडीचं तोंड तिच्या हातगाडीला लागलेलं होतं. तिला काही झालं नाही. दोन कोबी खाली पडले, ते तिने उचलले, माझ्याकडे बघितलं आणि गेली. मी गाडी कडेला घेतली. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मग हिला फोन करून कुठे उभा आहे तेवढं सांगितलं.

ही रिक्षा करून आली, मला पलीकडे सरकवलं आणि गाडी घरी आणली. हिने गाडी शिकून लायसन्स काढलं त्याला युगं लोटली, पण मी कधी हात लावू दिला नव्हता. कंपनीची गाडी, कंपनीची गाडी, असं म्हणत आलो. त्या दिवशी कळलं, ही माझ्यापेक्षा चांगली चालवते. फक्त उंची कमी पडते, म्हणून उशी.

डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या. काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढून आतली नस सुकत जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, तुझं पत्र मी आजही चष्मा लावून नीट वाचेन, पण बाजूचं जातं, आणि इतकं गुपचूप जातं की माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायला रोज थेंब घालायचे. गाडी बंद.

तेव्हाच साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं. ही सांगून थकली. पण गाडी गेली की दुकानांचा दौरा गेला, दौरा गेला की मी कोण, हे माझं मलाच सांगता येईना. मी हिला म्हटलं, थोडे दिवस तू चालव, मी काहीतरी बघतो. त्या थोड्या दिवसांचा अख्खा हिवाळा झाला.

आणि एक सांगू? फार बरे दिवस होते ते. मी दुकानात शिरलो की ही गाडीत पुस्तक वाचत बसायची. परत आलो की डबा उघडायचो. ड्रायव्हिंग करताना ही बोलते, ताई! घरात हूं की चूं न करणारी बाई स्टिअरिंग हातात आलं की ट्रकवाल्यांचा उद्धार करते. एकदा लांबच्या रस्त्यावर म्हणाली, “तुम्ही आपल्या खोलीला दिलेला तो पिस्ता रंग मला कधीच आवडला नाही.” मी चाट पडलो. घर घेतल्यापासून आम्ही त्या खोलीत झोपतोय, दोनदा तोच रंग पुन्हा काढलाय, तोही कंपनीतून खास आणून. मग सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत, शेडकार्ड दाखवलंत आणि बोटही तुम्हीच ठेवलंत.

एका दुकानदाराने घात केला, तोही कौतुक करता करता. साहेब त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, तुमच्या माणसाला बाई ड्रायव्हर दिलीत ते छान केलंत, फार सफाईने चालवतात. झालं.

साहेब वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला ऑफिसात खुर्ची मिळवून दिली असती. आता खोट्या सहीचं मी वर काय सांगू?” ही चालवत असताना कोणाला काही लागलं असतं तर विमाही मिळाला नसता, आणि सगळं हिच्या माथी आलं असतं, हेही त्यांनीच सांगितलं. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी गेल्याचं मला इतकं लागलं नाही, जितकं ते लागलं.

आवारातून आम्ही चालत बाहेर आलो. बस कुठून मिळते ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. हिने माझ्या डाव्या बाजूला येऊन दंडाला धरलं. इतक्या वर्षांत रस्त्यात कधी धरलं नव्हतं. म्हणाली, गर्दी आहे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

तो दुकानदार परवा घरी आला होता, तोंड एवढंसं करून. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली म्हणाला, माझ्या काउंटरवर येऊन बसा, गिऱ्हाइकांना रंग निवडून द्या. मी बघतो म्हटलं. त्याच्या दुकानात डब्यांच्या चळतीच चळती, आणि माझी मनाची तयारी अजून नाही. ही चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता तिने विचारलं, तुमची माल पोचवायची गाडी कोण चालवतं? तो म्हणाला, पोरगा टिकत नाही हो कोणी. ही म्हणाली, मी येऊ का? त्याला ठसकाच लागला. पण उद्यापासून ही जातेय. रिव्हर्स कसा घेते ते बघून त्याने होकार दिला. मी घरी भाजी चिरतोय. काल गवार चिरली, ती बघून ही म्हणाली, पुढच्या खेपेला भेंडी आणते, ती मोठी असते.

आता इथे पत्र संपवता आलं असतं. ही कपडे वाळत घालून आली, माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, “तुम्ही अजून लिहिलंच नाहीत.” आणि समोर बसून राहिली आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला आहे का? मी नाही म्हटलं. ताई, अण्णा आठवतात ना शेवटच्या वर्षांत? दाराच्या चौकटीला धडकायचे, ताटाच्या बाहेर भात सांडायचे. आपण म्हणायचो, वय झालं. आई रागवायची, लक्ष कुठे असतं म्हणून. त्यांना कोणी कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंच नाही. शेवटी तर ते खिडकीपाशी बसून नुसते आवाज ऐकायचे. मला डॉक्टरांनी सांगताक्षणी सगळं उमगलं होतं, आणि तरी मी नाही म्हटलं. कारण हो म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, भाऊबहीण किती.

हा आजार रक्तात उतरतो. एका भावंडाला निघाला की बाकीच्यांनी तपासून घ्यायलाच हवं. आपण दोघंच आहोत.

मागच्या महिन्यात फोनवर तू हसत हसत सांगत होतीस, आजकाल दूध ओतते ते पातेल्याच्या बाहेर जातं आणि कडेला ठेवलेलं स्टूल रोज पायाला लागतं. मी ऐकलं आणि तुला भावोजींच्या गुडघ्याचं विचारलं. विषय बदलला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. माझी नोकरी, गाडी, सगळं एकीकडे. तुझ्या त्या हसण्याने मी धास्तावलोय.

कदाचित काहीच नसेल. तू पहिल्यापासून धांदरटच आहेस. पण हे पत्र मिळालं की दुसऱ्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याचा नंबर तपासून परत येऊ नकोस. स्पष्ट सांग, वडिलांना होता आणि भावाला आहे, डोळ्यांचा दाब बघा आणि बाजूची नजर बघा. भाच्यालाही घेऊन जा, त्याला तिशी उलटली. तो कुरकुरेल, कान धरून ने. लवकर कळलं तर राखता येतं, हे मला डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. मला उशिरा कळलं. तुला मी उशिरा सांगतोय. आणखी उशीर तू करू नकोस.

रागव. हवं तेवढं बोल, या वेळी विषय बदलणार नाही. फक्त फोन दवाखान्यातून बाहेर पडल्यावर कर, त्याआधी नको.

तुझ्या फोनची वाट बघणारा,

बारक्या