सड्यावरचा माड

मास्तर,

तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा हे वाचून तुम्हाला राग येईल अशी भीती नाही. म्हणून सरळ लिहिते. तुम्हाला चित्रकला येत नव्हती, तुम्हाला एक चित्र येत होतं. दोन डोंगर, मध्ये मावळता सूर्य, खाली शिडाची होडी आणि कडेला वाकलेला माड. शाळेच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला सरकवून तुम्ही ‘आपला निसर्गरम्य परिसर’ नावाचं प्रदर्शन भरवलंत, चोपन्न साल असेल किंवा पंचावन्न, तेव्हा सुतळीवर तेच चित्र तीसेक वेळा टांगलेलं होतं. खालची नावं तेवढी वेगळी. स्वतः तुम्ही रोज संध्याकाळी पत्ते कुटायला जात असा, सूर्य कुठे बुडतो हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं देव जाणे. तरी सूर्यास्तावर बोलायला लागलात की थांबत नसा.

माझं एकटीचं चित्र निराळं होतं. आमच्या घरामागचा चैत्रातला सडा, म्हणजे नुसता उघडा कातळ, आणि त्याच्या कडेला भाजावळ करून काळा पडलेला, भाताच्या रोपांसाठी राखलेला तुकडा. शेण, पाला, गवत पसरून बाबा तो तुकडा भाजत आणि आग बांधाच्या दगडी गडग्यापलीकडे जाऊ नये म्हणून मी ओला डहाळा घेऊन उभी राहत असे. राख कुठे पांढरी होते, कुठे खालची माती तांबडीच राहते, हे त्यांनीच मला बोट धरून दाखवलेलं. चार दिवस खपून मी ते कागदावर उतरवलं. तुम्ही पाहिलंत, “हे काय, स्मशान?” म्हणालात, आणि माझ्याच ब्रशाने कातळाच्या मधोमध एक माड ठोकून दिलात. मागे तुमचा तो सूर्य. दोन मिनिटांत काम उरकलंत आणि हात पुसलेत.

उद्घाटनाला मामलेदार आणि त्यांच्या पत्नी आल्या. बाई माझ्या चित्रापुढे थांबतात आणि म्हणतात, “अय्या, अगदी गणपतीपुळं!” तुम्ही हात जोडून हसता. जळलेल्या शेतात गणपतीपुळं दिसणारी ती पारख, आणि तिच्यावर खूश झालेले तुम्ही! पहिलं बक्षीस मला मिळालं, मुंबईची रंगपेटी, बारा वड्यांची.

बाबा पाच मैल चालून आले होते, धुतलेला सदरा घालून, कारण आपलं शेत भिंतीवर लागलंय असं मी त्यांना सांगितलं होतं. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग अदबीने तुम्हाला विचारलं, “गुरुजी, कातलावर माड कुनी लावलान? पानी कोन घालतो त्येला?” सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तुम्ही म्हणालात, “अहो, हे चित्र आहे, सातबारा नव्हे!” हॉल हसला. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. बाबांनी टोपी नीट केली आणि तेही थोडं हसले. त्यांना तसं हसायला लावल्याबद्दल मी तुमचा आजवर तिरस्कार केला. वर्गात, घरात, नंतर माझ्या मुलांसमोरसुद्धा तुमची नक्कल करून दाखवली.

परत जाताना चढणीवर बाबांनी विचारलं, “बाय, त्यो माड तू काडलास?”

मी “हो” म्हटलं.

पुढच्या चैत्रात भाजावळीला बाबांनी आईला बरोबर नेलं. मी निघाले तर म्हणाले, “तू ऱ्हा घरात. तुजी चित्रां काड.” रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर शेतातलं काही त्यांनी मला कधी दाखवलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुमच्यावर तोंडसुख घ्यायला बसले होते, पण त्या चढणीवर तुम्ही नव्हतात. “मास्तरांनी काढला,” एवढं मी म्हटलं असतं, तर बाबांनी मला तिथूनच मागे फिरवून रंगपेटी परत करायला लावली असती. आणि ती मला हवी होती.