अकरा नंबरचं पोर्ट

६ नोव्हेंबर २००६, शिरूर
दौंडला रेल्वेच्या टेलिफोन तारा ओढण्यात उमर गेली. निवृत्तीनंतर पोराच्या जुन्या पुस्तकांवरून नेटवर्क आपलं आपण शिकलो, आणि आज इथं कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागलोसुद्धा. हौसेला मोल नसतं. ऑफिसात स्विचची पेटी, तिला वायरी खुपसायची चोवीस पोर्ट, प्रत्येकाला हिरवा दिवा. कुठली वायर कुठं जाते, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. होईल हळूहळू. जालिंदर नावाचा हमाल चहा घेऊन आला. म्हणाला, मामा, तुमचं काजवं जागं असत्यात, आमचा वॉचमन मातुर झोपतो. गडी मोठा दिलदार. ही खिशातली डायरी त्यानंच आणून दिली.

११ नोव्हेंबर, शनिवार
अर्ध्या दिवसाची सुट्टी व्हायच्या तोंडावर वजनकाट्याचं कॉम्प्युटर अडकलं. गेटावर ट्रकांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या. बघतो तर अकरा नंबरचं पोर्ट सारखं तुटतंय, जुळतंय आणि बाकी सगळ्या पोर्टांनाही अडकवतंय. आम्हा तारवाल्यांचा जुना नेम: बोंबलणारी लाईन आधी तोडायची, मग शोधायची. सेटिंगमध्ये जाऊन पोर्ट बंद केलं. काटा लगेच सुरू. मॅनेजर पोपटराव म्हणाले, मामा, हाताला गुण आहे तुमच्या. वायर सोमवारी शोधू म्हटलं आणि दौंडची एसटी धरली.

१३ नोव्हेंबर
जालिंदर गेला. तीन नंबरच्या थंड खोलीत सापडला, दाराला टेकून बसलेला. ते दार आतून उघडत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर आत वॉचमनकडची बेल वाजवायचं बटन बसवलंय. त्याचा अंगठा सोलला होता. पोपटराव म्हणाले, पिऊन झोपला असंल.
मी अकराची वायर चाचपत गेलो. बटनापाशी संपली.
पोर्ट उघडलं नाही. आता बेल वाजली, तर शनिवारी का नाही वाजली म्हणून विचारतील.

१५ नोव्हेंबर
जालिंदरची बायको धुरपदा आली होती. म्हणाली, मामा, त्यांनी कवा थेंब घेतला न्हाई, तुम्ही तरी सांगा ह्यास्नी. मी तिला पाणी दिलं. नुसतं पाणी.

१६ नोव्हेंबर
अकराचा दिवा लागलाय. सेटिंगमध्ये पोर्ट बंदच आहे. वायर उपसून काढली, तरी दिवा तसाच. तीनदा लुकलुकतो, मग थांबतो. दम खाल्ल्यासारखा.

१७ नोव्हेंबर
पोपटरावांना दाखवला. म्हणाले, चष्मा बदला मामा, कुठाय दिवा. पेटीची वीजच तोडून पाहिली — तरी तीनदा. मग दम.

१८ नोव्हेंबर, शनिवार
सुट्टी झाली की केंदूरला धुरपदाच्या घरी जाऊन सगळं सांगायचं. ठरलं. त्याआधी ते बटन एकदा डोळ्यानं बघावं म्हणून खोलीत आलो.
दार लागलं. मी ओढलं नव्हतं.

ट्रकांचा आवाज थांबला. सगळे गेले — बटन दाबतोय — वायर मीच उपसलेली —

धुरपदा, तो प्यायला नव्हता. पोर्ट मी —

माझ्या अंगठ्यावर गार अंगठा — तोही दाबतोय. तीनदा. मग दम —
म्हणतोय, राहू द्या मामा, सोमवारी शोधत्याल की —