माझ्या धमन्यांची व्यवस्था

मी, शोभा मधुकर करमळकर, वय अडुसष्ट, निवृत्त संशोधक, राहणार टार्निट, मेलबर्न, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. हृदय अधू आहे, डोकं शाबूत आहे. दीर दत्तप्रसाद यांचं मत वेगळं असेल, पण त्यांना कोणी विचारलेलं नाही. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. टार्निटचं घर मुलगा वरुण याला. अट कसलीही नाही.

२. माझा देह विद्यापीठाला दान करावा आणि माझ्या धमन्या संशोधनासाठी तपासाव्यात. अर्ज भरून झाला आहे. यावरूनच घरात वाद पेटलाय, म्हणून कारण लिहिते.

धमनीच्या भिंतीत साचलेली चरबी उचलायला रक्तातल्या रक्षक पेशी जातात. बिघडलेलं कोलेस्टेरॉल आत घेणारं त्यांचं दार पोट भरलं तरी बंद होत नाही. आपल्या पंगतीसारखंच: नको म्हटलं तरी पानात पडतं, आणि पान टाकायचं नाही. शेवटी पेशी फुगते, जागची हलत नाही आणि आणखी पेशींना बोलावत राहते. सूज वाढते ती अशी. काही पेशी मात्र चरबी बाहेर टाकून मोकळ्या होतात. त्यांना ते कसं जमतं, यावर मी उभी हयात घालवली.

३. माझे यजमान मधू अंगाने काटकुळे होते. "तुम्हाला काय धाड भरलीय, घ्या अजून दोन," म्हणत दत्तप्रसाद भावोजी त्यांना जिलब्या वाढत. जिलबीने माणूस मरतो असं मी म्हणणार नाही, तेवढं शास्त्र मला कळतं. पण बारीक माणसाला हृदयविकार होत नाही, हे यांना सांगितलं कोणी? त्याच भरवशावर मधूंनी छातीतली कळ अंगावर काढली. ते गेल्यावर त्यांच्या धमन्या तपासू द्या म्हणून मी हात जोडले. भावोजींनी 'देह अख्खा जाऊ दे' म्हणत चारचौघांत मला गप्प केलं. मी त्यांना माफ केलेलं नाही. तरी माझी स्टीलची ताटं त्यांना द्यावीत. त्यावर कुणी हात आडवा धरला, की वाढणं थांबवायचं.

४. मायक्रोस्कोप आणि पुस्तकं सून रुचा हिला. एक्झिक्युटरही तीच. ती नर्स आहे, विद्यापीठाला फोन करताना डगमगणार नाही.

५. वरुण, काल वेरिबीला वकिलाकडे जाताना तू गाडी बाजूला घेतलीस आणि विचारलंस, "मग मी अग्नी कुणाला देऊ, आई?" त्याचं उत्तर आता लिहिते. काम झालं की विद्यापीठवाले दहन करून राख परत देतात, पण त्याला वेळ लागतो. तोवर रडणं खोळंबून ठेवू नकोस. हवं तर रागव. अडवलंस तरी घर तुझंच, तुझा होकार मला विकत नकोय. पण अडवू नकोस, बाळा.

६. बातमी कळवताना 'शोभाताई शांत झाल्या' असं कोणीही लिहू नये. शोभा कामावर गेली, असं लिहावं.

वरील मजकूर वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

शोभा म. करमळकर
टार्निट, १४ मार्च २०२५

साक्षीदार:
सिद्धार्थ कांबळे, शेजारी
मीनाक्षी ओव्हाळ, मैत्रीण