समासातली चूक

तीर्थरूप दादा,

दुरूनच वाकून नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

दर रविवारी मी इथल्या सामाईक शेतावर जातो. तिथे शेतीच्या पुस्तकांचे एक कपाट आहे, त्याची रीत मोठी शहाणपणाची आहे. वाचणाऱ्याने समासात स्वतःची एक चूक लिहायची, म्हणजे पुढच्याचे पीक वाचते. मी पाण्यावरचे पुस्तक घेतले, तेव्हा कपाट सांभाळणाऱ्या माळीणबाई म्हणाल्या, "मास्तर, व्याख्यान नको हं, चूक लिहा!"

मी लिहिले, "भावाने गावाकडच्या आमच्या सामाईक विहिरीशेजारी स्वतःची बोअर मारली. मी गप्प राहिलो. विहीर आटली."

बाई म्हणाल्या, "पहिलं वाक्य खोडा. ती त्यांची चूक, त्यांनी लिहावी."

तुम्ही ती कधीही लिहिणार नाही, हे ठाऊक असूनही मी खोडले.

तुमचा धाकटा