मावशी कुणालाच अडवत नाही

४ मार्च, मंगळवार

पत्रक लिहून झालं, साहेबांनी सही केली, वर्तमानपत्रांना गेलंसुद्धा — आणि मग कळलं की त्यातला 'एक कंत्राटी कामगार' म्हणजे माझा धाकटा भाऊ!

काल संध्याकाळी कामगारांची बस अणुप्रकल्पाबाहेर पडताना फाटकावरचे खांब वाजले. मधून जाणाऱ्या माणसावर किंवा गाडीत किरणोत्सर्गी काही असेल तर ते ओरडतात. सगळ्यांना उतरवून एकेकाला मधून चालवलं. धाकट्याच्या वेळी वाजले. पंपाच्या खोलीतली कसलीशी धूळ त्याच्या पायमोज्यांना लागलेली. मोजे काढून घेतले, पाय घासघासून धुतले, प्लास्टिकच्या चपला देऊन घरी पाठवला.

माझं वाक्य: 'सदर कामगाराने बाहेर पडताना बंधनकारक तपासणी टाळल्याचे प्राथमिक चौकशीत दिसून येते.' साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. आधी वर्तमानपत्रात, आता इथल्या माहिती कक्षात, आयुष्यभर हेच केलं — पाचची वेळ म्हणजे पाच. साहेब समोर बसून चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं. त्यांनी ते बोटाने काढून खाल्लं आणि तेच ओलं बोट माझ्या कागदावर टेकवून म्हणाले, इथे 'किरकोळ' घाला.

घातलं.

५ मार्च, बुधवार

धाकट्याकडे जाऊन आले. पायांची कातडी घासून घासून लाल झालीय. मोरीतून उठायला तयार नाही.

त्याचं म्हणणं एकच. "ताई, मी मावशीतून निघालो. हिरवा लागला म्हणून दार उघडलं. नाहीतर मी बाहेर आलो कसा?"

आतल्या भागातून सुटायचं तर दारावर दोन यंत्रं आहेत. बूट आतच काढायचे, मोज्यांवर यंत्राच्या पत्र्यावर उभं राहायचं, हात खोबणीत घालायचे. ते अंगभर मोजतं. हिरवा दिवा लागला तर दार उघडतं, लाल लागला तर परत धुवायला पाठवतं. डावं यंत्र भारी खवचट. जरा काही असलं की लाल. कामगार त्याला सासूबाई म्हणतात. उजवं मुकाट सोडतं — ती मावशी. सध्या वार्षिक दुरुस्ती चालू आहे, शेकडो माणसं आत, आणि बस सुटायच्या वेळी सगळी झुंबड मावशीकडे.

सासूबाईंच्या रांगेत आमचे हेच. नवरा मोजणी विभागात आहे, ही यंत्रं रोज सकाळी तपासणाऱ्या चौघांपैकी एक. त्यापायी रोज घरी यायला उशीर. मी चिडवते, माझ्या आईपुढे इतका वेळ कधी उभा राहिला नाहीस.

त्याला विचारलं, मावशी बिघडली असेल का? म्हणाला, "सोमवारी सकाळी मीच तपासलीय. ठणठणीत आहे."

मग प्रश्नच मिटला. असल्या बाबतीत तो कमालीचा काटेकोर. घरातली प्रत्येक उघडी पिशवी ऑफिसातल्या पिवळ्या चिकटपट्टीने बंद, आणि पट्टीचं टोक आत दुमडलेलं — पुढच्या वेळी नखाने खरवडत बसायला नको! साखरेच्या डब्याचं झाकण सैल झालंय तर नवा डबा नाही, पट्टी. पाहुणे हसतात. मला मात्र ते दुमडलेलं टोक आवडतं. पुढच्या माणसाचा विचार केलेला असतो त्यात.

६ मार्च, गुरुवार

पत्रक छापून आलं. जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट. एरवी असं झालं की बरं वाटतं.

८ मार्च, शनिवार

आज धाकट्याचं घर तपासलं. कागदी झगे, बुटांवर पिशव्या, हातात मोजायची यंत्रं. शेजारी जिन्यात उभे, नाकाला रुमाल लावून! धूळ कसली, वास कसला, काही माहीत नाही, पण रुमाल लावला. ज्या बाईने भाचीच्या बारशाला तीनदा वाढून घेतलं, तिने आज आपल्या पोराला हाताला धरून ओढून आत नेलं. किळस आली. कशाची, ते चटकन सांगता येईना.

दारातल्या पायपुसण्यावर यंत्र कडकडायला लागलं. मग सतरंजीवर. मग भाची जिथे रांगते त्या चादरीवर. पायपुसणं, सतरंजी, चादर, तिचा कापडी ससा — सगळं पिशव्यांत. ससा नेताना ती रडली नाही. झगेवाल्याला हात करून हसली. दहा महिन्यांची आहे, तिला काय कळणार.

नवरा सुट्टी असून आला. गुडघ्यांवर बसून त्याने ओल्या फडक्याने फरशी पुसली, कोपरा न् कोपरा, पुन्हा पुन्हा. मोजणाऱ्यांचा प्रमुख म्हणाला, पुरे झालं आता. तरी हा पुसतच होता. मला भरून आलं.

जाताना तो प्रमुख हळूच बोलला, हे एका दिवसाचं नाही. बरेच दिवस येत होतं, थोडं थोडं.

मी निघाले तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, छान लिहिता तुम्ही. अख्ख्या इमारतीने वाचलं."

१० मार्च, सोमवार

भाचीला मोजलं. मोठ्या पांढऱ्या यंत्रात झोपवून, भावजय बाहेर काचेला नाक लावून. डॉक्टर म्हणाले, पोटात थोडं गेलंय, पण नगण्य आहे, आपोआप निघून जाईल, काळजी नको. चांगला माणूस आहे, खोटं बोलत नसेल. पण 'नगण्य' हा शब्द मी इतक्यांदा लिहिलाय की कानावर पडला तरी तोंड कडू होतं. दहा महिन्यांच्या पोटात नगण्य!

१२ मार्च, बुधवार

साहेबांना सांगितलं — एका दिवसाचं नाही, म्हणजे यंत्रातच काहीतरी आहे. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे तो रोजच टाळत होता तर."

हा माणूस प्रत्येक गोष्ट उचलतो आणि जिथे त्याला हवी तिथेच नेऊन ठेवतो.

धाकट्याचा पास गोठवलाय. ठेकेदाराचा निरोप आला, चूक कबूल करून लेखी माफी द्या, पंधरा दिवसांनी दुसऱ्या कामावर घेतो. नाही दिली तर अशा कुठल्याच प्रकल्पात पाऊल ठेवू देणार नाहीत. पंप सोडून त्याला दुसरं काही येत नाही.

तो संध्याकाळी जेवायला आला होता. नवऱ्याने समजावलं. आवाज मऊ. लिहून दे, घाई होती, बस सुटत होती, चुकलं. पंधरा दिवस घरी बसशील, विषय संपेल.

धाकट्याने घास खाली ठेवला. "भावजी, तसं लिहिलं तर त्याचा अर्थ काय होतो? मी जाणूनबुजून घरी आणलं. माझ्याच पोरीच्या चादरीवर."

नवऱ्याने मान वर केली नाही. ताटातलं सगळं संपवलं. तो ताटात काही टाकत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांकडे पुन्हा. मावशी उघडून बघा एवढंच मागितलं. दुरुस्तीच्या दिवसांत एक दार बंद ठेवणं परवडत नाही म्हणे. शिवाय रोज सकाळी तपासणी होते, रोज ती पास होते. मग मला जरा शिकवण, यंत्रं खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. हे सांगताना त्यांनी माझं पेन उचललं आणि त्याच्या टोपणाने कान कोरला. टोपण बघितलं. पेन परत जागेवर ठेवलं.

चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलं मी ते. वाढदिवसाला मिळालेल्या भेटीइतकं जपलेलं पेन होतं असं नाही. पण चांगलं चालत होतं.

१५ मार्च, शनिवार

कॅन्टीनमध्ये ऐकलं — मावशीची रांग ओस पडलीय. सगळे सासूबाईंकडे. कुणी कुणाला काही सांगितलं नाही म्हणे. आपोआप झालं. धाकट्याच्या बाजूने उघड बोलायला मात्र एकजण पुढे येत नाही.

१८ मार्च, मंगळवार

एकजण आला!

परांची बांधणाऱ्या टोळीचा मुकादम. सरळ माझ्या खोलीत आला, प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत घामट मोजे. दुरुस्तीच्या दिवसांत आतले मोजे पुरत नाहीत, म्हणून ही माणसं स्वतःचे घालतात आणि तेच घालून घरी जातात. गाठ न मारलेल्या पिशवीतून असा वास आला की मी उठून खिडकी उघडली.

"हे मोजून द्या," म्हणाला. "सगळीकडे फिरून आलो. ते म्हणतात, माहिती पाहिजे तर माहिती कक्षात जा. आमची सगळी टोळी मावशीतूनच सुटायची, बाई. माझ्याही घरात रांगणारं आहे."

मी त्याला घेऊन मोजणी विभागात गेले. बाकी तिघे होते, नवरा पलीकडच्या इमारतीत होता. टाळाटाळ झाली. मी म्हटलं, तुम्ही मोजत नसाल तर हीच पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवते, बिस्किटांशेजारी. मोजले.

वाजले.

२० मार्च, गुरुवार

मावशी उघडली.

पायाखालच्या पत्र्याच्या आत मोजणारा भाग असतो. त्याचा पातळ पडदा फाटला होता, त्याला जेमतेम दिसत होतं. असं झालं की यंत्र स्वतःच ओळखतं — काहीच मोजता येत नाही, म्हणजे मी बिघडलोय — आणि दार बंद करून टाकतं. चांगली अक्कल दिलीय त्याला. पण त्या भागाखाली कुणीतरी एक बटण चिकटवून ठेवलं होतं. सकाळी यंत्रं तपासायला वापरतात ते, शर्टाच्या बटणाएवढं, किंचित किरणोत्सर्गी. त्यामुळे यंत्राला सतत थोडंसं काहीतरी मोजायला मिळत राहिलं. ते समजलं, आपण धडधाकट आहोत. पायांचं मोजणं जवळपास बंद, आणि दिवा हिरवा!

नवा पडदा मागवलेला आहे, आलेला नाही. तोवर दार चालू राहावं म्हणून ही युक्ती. चौघांनाही विचारलं. चौघेही म्हणाले, माहीत नाही.

नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, दार बंद पडलं असतं तर रोज शेकडो माणसं अडकली असती, वरून शिव्या खाव्या लागल्या असत्या, केलं असेल कुणीतरी बिचाऱ्याने.

मी म्हटलं, "बिचारा? मला सापडू दे. तोंडावर थुंकेन त्याच्या."

तो हात धुवायला उठला. बराच वेळ नळ चालू होता.

२१ मार्च, शुक्रवार

वाटलं होतं, धाकटा सुटला. कुठलं काय! साहेबांना नवं वाक्य हवंय: 'लवकर बाहेर पडता यावे म्हणून अज्ञात व्यक्तीने, बहुधा कंत्राटी कामगारांपैकी कोणी, यंत्रात फेरफार केल्याचा संशय आहे.' आधी तपासणी टाळली म्हणे, आता यंत्रच फोडलं. मी म्हटलं, ते बटण कामगारांच्या हाती येईलच कसं? ते कुलूपबंद असतं. म्हणाले, "चोरलं असेल." आणि पुढचं बिस्किट बुडवलं.

हे छापून आलं तर धाकट्यावर पोलीस येतील. माफी मागून सुटण्यातलंही राहणार नाही.

सोमवारी दुपारपर्यंत पत्रक. सोबत छापायला उघडलेल्या यंत्राचा फोटो दिलाय, त्याखाली ओळ लिहायचीय.

२३ मार्च, रविवार

फोटो मोठा करून पाहिला. बटणावर पिवळी चिकटपट्टी आहे. पट्टीचं टोक आत दुमडलेलं.

सासूबाईंच्या रांगेत तो उगाच उभा राहत नव्हता.

'लवकर बाहेर पडता यावे'पासून 'कंत्राटी कामगारांपैकी कोणी'पर्यंत सगळं खोडलं आणि तिथे नाव लिहिलं, हुद्द्यासकट. साहेब छापणार नाहीत. म्हणून एक प्रत धाकट्याकडे आणि एक माझ्या जुन्या संपादकांकडे, फोटोसकट, पाठवली. गेली.

तो आत चहा ठेवतोय. साखरेच्या डब्याची पट्टी सोडवल्याचा आवाज आला.