मुदत पंधरापर्यंत

३ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही मजेत. तुझ्या कंबरेचं खरं काय ते लिही, नाहीतर भावोजी परस्पर कळवतात आणि मग मला तुझ्यावर डाफरायचं निमित्त मिळतं.

आता मुद्द्याचं. पादचारी पूल बांधणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या मालकीणबाई ऑफिसात आल्या होत्या. मागे त्यांच्या नकाशातली कठड्याच्या मापाची चूक मी काढली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. म्हणाल्या, आमच्याकडे या, पूल तुम्हीच आखा. पगार कमी, पेन्शन नाही, कारखाना उद्या बुडाला तर बुडाला. इथे माझं बरं चाललंय गं. फिरती खुर्ची, चारला चहा, पाचला घर. पण एकवीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे तपासून शिक्का मारतोय. स्वतः शेवटची रेघ कधी ओढली ते आठवत नाही. बाई बोलल्या तेव्हा हात नुसते शिवशिवले. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कोण विचारणार?

बायको म्हणते, ताई म्हणतील तसं करा. मुदत पंधरापर्यंत आहे.

राग असो, लोभ असो, पत्रातून येऊ दे.
तुझा,
ठोंब्या

११ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंबर होती तिथेच आहे. तुझं पत्र पाच तारखेला मिळालं, तेव्हापासून लिहितेय आणि फाडतेय. हे म्हणाले, एवढ्या कागदात एखादं पुस्तक झालं असतं.

खरं सांगू? मी घाबरले. नको म्हणावं, तर तू त्या खुर्चीत वाळून जाशील. जा म्हणावं आणि कारखाना बुडाला, तर तुझ्या बायकोसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? आई गेल्यावर तुला या नोकरीला मीच चिकटवलं. तेव्हा तू रडला होतास, मी बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं होतं.

तेव्हा आता शेंडी तुटो की पारंबी तुटो, तू जा. अडलंनडलं तर आम्ही आहोत.

दोघांना आशीर्वाद, होकार दिलास की दोन ओळी टाक.
तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. मी अकरा तारखेलाच बाईंना नाही म्हणून आलो होतो.

आपल्या घरात नकार तोंडानं कुणी दिलाय, ताई? तुझं कॉलेज बाबांना नको होतं, तेव्हा महिनाभर त्यांनी त्या फॉर्मचा विषयच काढला नाही. तू समजलीस. तुझा होकार तर कायम उलट टपाली येतो. आठवडा गेला, मीही समजलो. वर बाईंना ताटकळत ठेवणं बरं दिसेना म्हणून चार दिवस आधीच गेलो. केवढा माझा समजूतदारपणा!

परवा पत्र खिशात घालून धावत गेलो. जागा आदल्या दिवशीच भरली होती. बाई हळहळल्या.

लोभ कमी झालेला नाही, पण खोटं कशाला बोलू, रागही आलाय.
तुझा,
ठोंब्या

२० मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

राग कर, तुझा हक्कच आहे. मी मुदतीच्या आत लिहिलं रे. मी गप्प बसले की तुला बाबा ऐकू येतात, हे मला कधी सुचलंच नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही.

दुसरं काहीतरी निघेल. निघेलच.
रागातसुद्धा लिहीत राहा.
तुझी,
ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

दर पत्रात विचारतेस, दुसरं काही निघालं का. नाही निघालं. आता विचारू नकोस.

आज त्या कारखान्याचा पूल मंजुरीसाठी माझ्या टेबलावर आला. माझ्या जागी घेतलेल्या माणसानं आखलेला. मी तीनदा तपासला. लिहायला लाज वाटते, पण मी चूक शोधत होतो. एक जरी सापडली असती तरी मला बरं वाटलं असतं. एकही नव्हती. मी आखला असता, तर याहून बरा जमला नसता.

शिक्का मारून खाली पाठवून दिला.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.
तुझा,
ठोंब्या